जॉन वेनच्या मुलखात

मुलीकडे फीनिक्सला जायचे ठरले, तेव्हा काय काय पाहायचे याची यादी तिने आधीच करून ठेवली होती. मी म्हटले, "ते सारे राहू दे. मला मॉन्युमेंट व्हॅली दाखव." जावईबापू चकित झाले. त्यांना काय ठाऊक, की ती दरी मी दहाव्या वर्षीच मुंबईत मॅटिनीच्या तिकिटात पाहून ठेवली होती! तांबड्या कड्यांमधून जॉन वेनचा घोडा आला की शेजारी बसलेला दादा शिट्टी घाली. एखादा 'रेड इंडियन' घोड्यावरून कोसळला की मी टाळ्या पिटी.

ॲरिझोना आणि युटा यांच्या सीमेवर, नावाहो लोकांच्या राखीव मुलखात हे ठिकाण आहे. दरी म्हणायची ती नावालाच. अफाट तांबडे वाळवंट आणि त्यात मध्येच उभे ठाकलेले, हजार हजार फुटांपर्यंत चढलेले वालुकाश्माचे कडे! हॅरी गोल्डिंग नावाचा एक दुकानदार येथे नावाहोंशी व्यापार करी. मंदीने धंदा बसला, तेव्हा १९३८ साली हा गडी दरीची छायाचित्रे काखोटीला मारून थेट हॉलिवूडला गेला. ती दिग्दर्शक जॉन फोर्डच्या नजरेस पडली, १९३९ साली 'स्टेजकोच' निघाला आणि बरीच वर्षे फुटकळ चित्रांत राबलेला वेन एकदम मोठा नट झाला. पुढे फोर्ड येथे पुन्हा पुन्हा आला. त्याचा 'द सर्चर्स' (१९५६) तर 'टेक्सास १८६८' अशा पाटीनेच सुरू होतो. म्हणजे जन्मभर आम्ही टेक्सास समजत होतो ते हेच!

कच्च्या रस्त्याने धूळ खात आमची जीप 'जॉन फोर्ड पॉइंट'वर पोचली. चालवणारा नावाहो माझ्याच वयाचा. मी किती चित्रे पाहिली ते त्याला ऐटीत सांगितले. तो हसला.

"माझे आजोबा आहेत त्यांत. कधी अपाची व्हायचे, कधी कोमांची."

"आणि मरायचे?" मी वेड्यासारखे विचारले.

"दिवसातून दोनतीनदा! संध्याकाळी मजुरी घेऊन घरी. त्या पैशांत पीठ यायचे."

त्या कोमांचींचा म्होरक्या, स्कार, मात्र यांच्यातला नव्हे. तो झाला होता हेन्री ब्रँडन, जन्म बर्लिनचा!

कड्याच्या टोकावर एक घोडेस्वार फोटोसाठी उभा होता. सगळे तिकडे धावले. मी जीपपाशीच थांबलो. काहीतरी बोलावे असे फार वाटत होते. पण इंग्रजी अडले, की जीभ, कोण जाणे.

रात्री ठाण्याला दादाला फोन लावला. तो आता पंचाऐंशीचा आहे. त्या आजोबांची हकीकत ऐकून बराच वेळ गप्प राहिला.

"आपण टाळ्या वाजवत होतो, ते सांगितलेस का रे त्याला?"

"नाही," मी म्हटले.