खाऱ्या पाण्यातील सहजीवन

आपला शाहूवाडी तालुका समुद्रापासून फार दूर नाही. आंबा घाट उतरून गेले की काही तासांत रत्नागिरीचा किनारा दिसतो. तरीही आपल्या डोंगरांवरचा पाऊस त्या समुद्राकडे जात नाही. कडवी वारणेला मिळते, वारणा कृष्णेला, आणि कृष्णा पूर्वेकडे शेकडो मैल वाहत जाऊन बंगालच्या उपसागरात विसावते. अशा प्रदेशात घरातील काचेच्या टाकीत खारे पाणी, सागरी शेवाळ आणि मासे सांभाळणे अनेकांना विचित्र वाटते. आमच्या घरी येणारे धम्मबांधव तर एकच प्रश्न विचारतात : पंचशील ग्रहण करणाऱ्या घरात मासे कोंडून ठेवावेत काय? स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाला सामोरे जावेसे वाटते.

प्रथम या टाकीचा व्यवहार समजून घेतला पाहिजे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. केवळ स्वयंपाकाचे मीठ घालून ते पाणी होत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी घटकही लागतात. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरावी लागते. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो त्यांनाच विषारी असतो. दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. अथांग समुद्रात हे सारे विरून जाते. शंभर लिटरच्या टाकीत मात्र ते साचत राहते.

येथे शेवाळ साहाय्याला येते. गुंतलेल्या हिरव्या दोऱ्यासारखा केटोमॉर्फा, कोबीच्या पातळ पानासारखी उल्वा, ही शेवाळे सर्वांगाने अमोनिया आणि नायट्रेट शोषतात. माशाचा मल त्यांचे खत होतो आणि उजेडात त्यांनी सोडलेला प्राणवायू माशाचा श्वास होतो. एकाचे असणे दुसऱ्याच्या असण्यावर कसे अवलंबून असते, हे प्रतीत्यसमुत्पादाचे तत्त्व आपण वर्गात ऐकले. येथे ते डोळ्यांनी पाहावयास मिळते.

परंतु शेवाळ पाणी शुद्ध करते, ही समजूत अपुरी आहे. ते मल नाहीसा करीत नाही. आपल्या अंगात साठवून ठेवते. वाढलेले शेवाळ वेळेवर कापून बाहेर काढले नाही, तर दाटीत उजेड न मिळालेला भाग कुजतो आणि साठवलेले सारे पाण्यात परत येते. कॉलर्पा या जातीचे शेवाळ तर कधी कधी एका रात्रीत विरघळून पाणी दुधासारखे पांढरे करते. म्हणून दर पंधरवड्याला आम्ही मूठभर शेवाळ बाहेर काढतो. ते ओढ्यात वा नदीत टाकीत नाही; गोड्या पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून खताच्या खड्ड्यात घालतो. 1984 मध्ये मोनाकोच्या किनाऱ्याजवळ कॉलर्पाची एक परकी जात प्रथम आढळली. मत्स्यालयातून निसटलेले हे शेवाळ पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरले. काचेच्या आत उपकारक असलेली वस्तू बाहेर उपद्रवी ठरू शकते.

अंधार पडला की शेवाळही प्राणवायू घेऊ लागते. यासाठी शेवाळाची टाकी वेगळी ठेवून तिच्यावरचा दिवा रात्री लावतात. एक टाकी अंधारात असताना दुसरी उजेडात राहते. आपल्याकडे पावसाळ्यात मध्यरात्री वीज गेली, की पाण्याचा प्रवाह थांबतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. त्या वेळी उठून बॅटरीवरचा हवेचा पंप लावणारा कोणीतरी घरात असावाच लागतो. पहिले शील केवळ न मारण्यापाशी थांबत नाही, याचा प्रत्यय अशा रात्री येतो.

आता मूळ प्रश्न. मासे ठेवणे सर्वथा योग्य आहे, असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही काही मर्यादा मात्र पाळतो. समुद्रातून पकडलेला मासा आणीत नाही. पैदास केंद्रात जन्मलेले दोनच विदूषक मासे आहेत. शेवाळावर ताव मारणारा सर्जन मासा ठेवीत नाही. प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला हात लावण्याचा प्रश्नच नाही. विदूषक मासा टाकीत दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. त्याला कंटाळून कोठेही सोडून देता येत नाही. ज्याला इतक्या वर्षांचे दायित्व पेलणार नाही, त्याने रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहून समाधान मानावे. विद्यार्थी मित्रांना आमचे हेच सांगणे आहे.

तथागतांनी संघाला महासागराची उपमा दिली. नद्या सागराला मिळाल्या की आपापली नावे सोडतात, तशी संघात आल्यावर माणसे आपले वर्ण सोडतात. आपल्या वसतिगृहात गावोगावची मुले एका पंगतीत बसली, तेव्हा या उपमेचा अर्थ आम्हांला कळला. एक झालेले पाणी राहण्याजोगे ठेवण्यासाठी त्यात साचलेले कोणीतरी नियमाने आणि स्वतःच्या हाताने बाहेर काढावे लागते, हे मात्र शेवाळाने शिकविले. वसतिगृहातील झाडलोटीची पाळी आम्हांला त्या वेळी कंटाळवाणी वाटे. सहजीवनाचा तोच पहिला धडा होता, हे आता समजते.