रातराणी? छे, कुंती!

गेल्या वर्षी आम्ही पनवेलला शिफ्ट झालो. तळमजल्याचा फ्लॅट, पुढे हातभर बाग, गच्चीवरून दिसणारा कर्नाळ्याचा अंगठा. आणि कुंपणाशी आधीच्या मालकांचं एक अनोळखी झुडूप.

पहिल्या पावसानंतरची संध्याकाळ. हार्बर लोकलने शेवटच्या स्टेशनपर्यंत लटकत घरी आले, तर गेटपाशीच घमघमाट! शेजारच्या काकू म्हणाल्या, "रातराणी असेल. काढून टाका, साप येतात." घरात दोन वर्षांची लेक. घाबरून रविवारी माळ्याला बोलावलं.

शनिवारी सासूबाई आल्या. पान चुरगळून हुंगलं आणि हसल्या. "अगं, ही तर कुंती! कढीपत्त्याची बहीण."

खरंच की! रातराणीची फुलं हिरवट, बारीक नळीसारखी. हिची पांढरीशुभ्र, पाच पाकळ्यांची. मागाहून लालचुटुक फळं. कूळ लिंबाचं, म्हणूनच वासही लिंबाच्या फुलांसारखा. आणि साप? ते सुगंधाला भुलत नाहीत. उंदीर-बेडकांच्या मागे येतात.

रविवारी माळी कोयता घेऊन आला. मी त्याच्या हाती झाडू दिला. खालचा पालापाचोळा तेवढा काढून घेतला.

तुमच्याही नव्या बागेत असं कुणी अनोळखी उभं आहे? तोडण्याआधी एक फूल नीट बघा. नाव कळलं, की भीती जाते.