वालिहा आणि वावर



भाषासंपर्काच्या घटकात आपण 'आदान' ही संज्ञा अभ्यासली. तिचा प्रत्यक्ष अनुभव मला पुस्तकांइतकाच एका वादकाच्या संगीतातून मिळाला. त्याविषयी आपणांशी चार शब्द बोलावेसे वाटतात.

डेल राबेन्जा हे मादागास्करचे जॅझवादक. त्यांच्या आडनावातील 'ज' आपल्या 'जावई'तल्यासारखा उच्चारावा. १९७० च्या दशकाच्या आरंभी जेफ गिल्सन या फ्रेंच पियानोवादकाच्या 'मालागासी' या वाद्यवृंदात ते सॅक्सोफोन वाजवीत आणि वालिहाही. वालिहा म्हणजे बांबूचे नळकांडे आणि त्याच्या सभोवती उभ्या ताणलेल्या तारा. पूर्वी बांबूचीच साल उकलून त्या तारा काढीत. पुढे धातूच्या तारा आल्या; सायकलच्या ब्रेकच्या तारेचे पदरही चालू लागले. वाद्य तेच राहिले.

मी जॅझचा जाणकार नाही. माझे लक्ष प्रथम वेधले ते वाद्याच्या नावाने. काही अभ्यासक 'वालिहा' या नावाचा संबंध संस्कृत 'वाद्य' या शब्दाशी जोडतात. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ हा शब्द कसा पोहोचला असेल? मालागासी ही ऑस्ट्रोनेशियन कुळातील भाषा. तिची जवळची नातलग बोर्निओतील मान्यान होय, हे ओटो क्रिस्टियन डाल यांनी १९५१ मध्ये सप्रमाण मांडले. मलय आणि जावानी भाषांच्या वाटेने काही संस्कृत शब्दही तिच्यात आले. 'उरलेले' या अर्थाचा मालागासी 'सिसा' हा आपल्या 'शेष'चाच वंशज. आज तो पूर्णतः मालागासी शब्द आहे.

राबेन्जा यांचे वादन ऐकताना मला हेच जाणवते. जॅझ बाहेरून आला. त्याने उत्स्फूर्त विस्ताराची मोकळीक दिली. वालिहाने बेटाची लय आणि तारांचा झंकार दिला. सॅक्सोफोनशेजारी बसण्यासाठी वालिहाला सॅक्सोफोनची नक्कल करावी लागली नाही. ती आपल्याच आवाजात बोलते, म्हणूनच तो संवाद होतो.

हे सांगण्याचे कारण आपल्याजवळच आहे. एका संपर्कसत्रात एका प्रौढ विद्यार्थिनीचा स्वाध्याय मी तपासत होतो. तिने 'वावर' हा शब्द लिहून खोडला होता आणि वर 'शेत' लिहिले होते. कारण विचारले, तेव्हा ती खालच्या आवाजात म्हणाली, "सर, आमची भाषा अशुद्ध ना." जन्मभर ज्या मातीत ती राबली, तिचे नाव तिला उत्तरपत्रिकेत लिहिण्याजोगे वाटत नव्हते. प्रमाणभाषा शिकणे आवश्यक आहे. ती दूरच्या वाचकापर्यंत आपल्याला नेते. परंतु तिचे शुल्क म्हणून आपली बोली द्यावी लागते, हा समज भाषाविज्ञानाला मान्य नाही. प्रमाणभाषाही ठिकठिकाणच्या शब्दांवरच पोसली आहे.

तेव्हा पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी एक काम करा. आपल्या घरात, शेतात, कामाच्या जागी बोलले जाणारे आणि लिहिताना आपण टाळत असलेले दहा शब्द वहीत उतरवा. प्रत्येकाचा नेमका अर्थ लिहा. त्यांतील एक तरी शब्द पुढच्या स्वाध्यायात योग्य जागी वापरा. तो खोडू नका.