हर्रास आणि हातोडा

'हर्रास' हा शब्द आमच्या लहानपणी घरात दबक्या आवाजातच उच्चारला जाई; कारण कर्ज थकले, कोर्टाचा हुकूमनामा निघाला आणि बेलिफाने भांड्याकुंड्यांची यादी केली, की 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणत भर अंगणात एखाद्या कुटुंबाची अब्रू विकली जाताना आम्ही पाहिली होती. म्हणून चित्रांचा लिलाव धनिकांच्या दालनात समारंभाने होतो, हे पुढे कळले तेव्हा मोठे नवल वाटले.

15 सप्टेंबर 2008 रोजी न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि त्याच दिवशी लंडनला सोदबीजमध्ये डेमियन हर्स्ट या हयात कलावंताच्या नव्या कृतींचा लिलाव सुरू झाला. सोन्याची शिंगे व खूर लावून द्रावणात ठेवलेले एक मृत वासरू एक कोटी पौंडांहून अधिक किमतीस गेले आणि दोन दिवसांची विक्री 11 कोटींवर पोहोचली. पुढल्या काही महिन्यांतच समकालीन कलेचा बाजार कोसळला. जुन्या चित्राच्या पाठीशी शतकांचा निवाडा उभा असतो. नव्याला जामीन असतो तो केवळ हयात माणसांच्या उत्साहाचा, आणि मंदीत पहिला फरार होतो तो हाच जामीनदार.

मात्र मंदीत सारेच भाव उतरतात, असेही नाही. 2020 च्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न 23.9 टक्क्यांनी आकसल्याचे जाहीर झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच मुंबईत वासुदेव गायतोंडे यांच्या 1974 सालच्या एका अनाम चित्रावर 32 कोटी रुपयांना हातोडा पडला. वर्षाकाठी मोजकीच चित्रे रंगवणाऱ्या या मितभाषी कलावंताचे काम दुर्मिळ आहे, आणि भ्यालेला पैसा दुर्मिळ वस्तूच्या आश्रयाला धावतो. त्यामुळे त्या आकड्यात चित्राचे मोल किती आणि काळाचे भय किती, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

तेव्हा पडत्या काळात बोली लावू पाहणाऱ्या रसिकाला माझे सांगणे एवढेच, की हे चित्र पुन्हा कधीच कोणी विकत घेणार नाही असे समजून ते घरच्या भिंतीवर मनोमन टांगून पाहावे, आणि तरीही नजर तेथून हलेना, तरच हात वर करावा. गायतोंडे 2001 सालीच निवर्तले. त्या 32 कोटींची वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही.