एका तारेवर दोन कार्डं

नेटवर्क कार्डाच्या मागचा हिरवा दिवा लागला की लोक निर्धास्त होतात. पण केबल आणि पलीकडचा हब शाबूत आहेत, एवढंच तो दिवा सांगतो. कार्डाची हाक प्रोसेसरपर्यंत पोचते की नाही, हे त्यावरून कळत नाही. नव्वदच्या दशकात ‘नेटवर्क बंद’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी मशिनांचा दिवा व्यवस्थित लागलेला असे आणि दोष सापडे तो आयआरक्यूत.

‘माझ्याकडे काम आलंय’ हे कार्ड ज्या तारेवरून प्रोसेसरला कळवतं, ती आयआरक्यू. १९८१च्या आयबीएम पीसीत अशा आठ तारा होत्या. १९८४च्या एटीत आणखी आठ तारांची दुसरी चिप आली, पण ती पहिलीला जोडण्यात एक तार गेली आणि पंधरा उरल्या. त्यांतून घड्याळ, कीबोर्ड, फ्लॉपी, हार्ड डिस्क, प्रिंटर आणि सीरियल पोर्ट वजा केले की नव्या कार्डांसाठी मोजक्याच राहतात. त्यात नोव्हेलच्या एनई २००० धर्तीची स्वस्त कार्डं सर्रास आयआरक्यू ३ वर लावलेली येत. ही तार मुळात कॉम २ची. त्यावर मोडेम असेल, तर नेटवर्क चालायचं ते कुणी फोन लावेपर्यंतच.

तार वाटून का घेता येत नाही? जुन्या आयएसए स्लॉटमधलं कार्ड दारावरची घंटा एकदाच वाजवतं आणि गप्प बसतं. त्याच क्षणी दुसऱ्यानं तार धरून ठेवली असेल, तर ती हाक कायमची हरवते. पीसीआय कार्ड मात्र दार उघडेपर्यंत बटण सोडत नाही. त्यामुळे प्रोसेसरला एका तारेवरच्या सगळ्यांची विचारपूस करायला सवड मिळते.

दोष कुठला हे लक्षणांवरूनच बरंचसं कळतं. कार्ड सापडतं, त्याचा मॅक पत्ता नीट दिसतो, पण पिंगला उत्तर येत नाही, तर आयआरक्यू तपासा. मॅक पत्त्याच्या जागी नुसते एफएफ दिसले, तर ड्रायव्हर ज्या पोर्ट पत्त्यावर वाचतोय तिथे बहुधा कुणीच नाही.

पत्त्यांचं भांडण अधिक फसवं असतं. एका कार्यालयातल्या मशिनमध्ये दोन कार्डं होती, एक आतल्या नेटवर्कसाठी आणि एक बाहेरच्या. पहिलं ३०० या हेक्स पत्त्यावर, म्हणून दुसरं ३६०वर ठेवलेलं. दोन्ही कार्डं चालत होती, पण प्रिंटर मध्येच भलतीसलती अक्षरं छापायचा. प्रिंटरची केबल बदलून झाली, प्रिंटरही बदलून झाला. खरं कारण असं की एनई २००० एक पत्ता घेत नाही, ओळीनं बत्तीस घेतं. ३६०पासून मोजलं की ते ३७एफपर्यंत पसरतं आणि प्रिंटरचा पोर्ट बसतो ३७८वर. जंपर ३२०वर नेला आणि छपाई सुधारली.

संशय आला की कार्ड बदलायचं, ही या धंद्यातली सर्वांत वाईट सवय आहे असं माझं ठाम मत आहे. त्याच बनावटीचं नवं कार्ड त्याच आयआरक्यूवर लावलेलं येतं, भांडण जसंच्या तसं राहतं आणि मग बिचाऱ्या मदरबोर्डवर खापर फुटतं. आधी यादी करा. विंडोज ९५च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कुठली तार कुणाकडे आहे हे दिसतं, लिनक्समध्ये /प्रॉक/इंटरप्ट्स वाचावं. जंपरवाल्या कार्डाची तार बायॉसमध्ये ‘लेगसी आयएसए’ म्हणून राखून ठेवा, नाहीतर प्लग अँड प्ले ती दुसऱ्याच कार्डाला देऊन टाकतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदललेली नोंदवा.

आता पीसीआय एक्स्प्रेसमध्ये कार्ड वेगळ्या तारेऐवजी थेट संदेश पाठवतं, त्यामुळे हे भांडण नव्या मशिनांत जवळपास उरलेलं नाही. पण जुन्या सीएनसी यंत्रांना आणि प्रयोगशाळांतल्या उपकरणांना जोडलेले आयएसए स्लॉटचे संगणक अजून कामावर आहेत. असं मशिन तुमच्या ताब्यात असेल, तर आज ते चालू आहे तोवरच प्रत्येक कार्डाची तार, पत्ता आणि जंपरची जागा कागदावर उतरवा आणि तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा.