केडगाव ते राशोल : घरी लिहिलेली पत्रे

केडगाव, सोमवार

प्रिय आई, बाबा आणि आजी,



दौंडहून पुण्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरने सकाळी केडगावला उतरलो. मी आणि माझी वर्गमैत्रीण, दोघी सुखरूप आहोत. आमचा प्रकल्प गोव्यातल्या 'ख्रिस्तपुराण' या मराठी ग्रंथावर आहे, पण वाटेत पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही असं मी आधीच ठरवलं होतं.

रमाबाईंचं नाव आपल्या घरात मला कळत नव्हतं तेव्हापासून मी ऐकलंय. साक्षीमध्ये, उपदेशात, आजीच्या बोलण्यात. इथं आल्यावर मात्र मनात येतात ते त्यांचे कष्ट. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली, टाकलेल्या विधवा यांना घेऊन आल्या. इतक्या जणींना रोज जेवू घालायचं, निजवायचं, शिकवायचं. त्यासाठी शेती केली, विणकाम सुरू केलं, छापखाना उभा केला. त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकाच. कालपर्यंत ज्यांना पाटीवर रेघ ओढता येत नव्हती, त्या बायकांनी छापखाना चालवला हे मला फार मोठं वाटतं.

आणि त्या छापखान्यासाठी बाई स्वतः काय करत होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणत होत्या. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या. त्यांना जड, नटलेली भाषा अवघड नव्हती. तरी त्यांनी ठरवलं की गावातल्या बाईला कळलं पाहिजे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. आजी, तू प्रौढ वर्गात अक्षरं शिकलीस आणि अजून ओळीवर बोट ठेवून स्तोत्रं वाचतेस. ज्यांच्यासाठी बाईंनी एवढा खटाटोप केला त्यांच्यातली तू एक आहेस, हे मला आज इथं उभं राहून कळलं.

आणखी एक. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि मुलीचे पाठ मग त्या आईने घेतले. घरातल्या आईपासून सुरू झालेलं शिक्षण किती लांब जातं! आई, रात्रपाळी संपवून तू सकाळी यायचीस आणि डोळ्यांवर झोप असताना माझे पाढे म्हणून घ्यायचीस. मी कधी त्याबद्दल तुला काही म्हटलं नाही. आज म्हणते. तुझे उपकार माझ्यावर आहेत आणि ते मला माहीत आहेत.

तुमची,
लेक


गोवा एक्स्प्रेसमधून, बुधवार

प्रिय बाबा,

हे पत्र गाडीतच लिहिते आहे, अक्षर हलतंय ते त्यामुळे. पुण्याहून पहाटे निघालो. मिरजेला गाडी थांबली तेव्हा फलाटावर उतरून चहा घेतला. आई नर्सिंग शिकली ते गाव हे. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं दवाखाना सुरू केला आणि मिरजेचं नाव दूरवरच्या रोग्यांच्या तोंडी झालं. पुढे क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या आरोग्यधामावरून एका वस्तीचंच नाव वानलेसवाडी पडलं. आईला सांगा, फलाटावरून गावाकडे तोंड करून मी तिच्या वतीने सलाम केला.

आता तुमच्यासाठी लिहायचं ते. समोरच्या बाकावर साताऱ्याच्या एक मावशी होत्या. प्रेमळ बाई, डब्यातली धपाटी आम्हाला खायला लावली. बोलता बोलता त्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाल्या, "मग तुला शिष्यवृत्ती असेलच की." मी म्हटलं, आम्ही ख्रिस्ती आहोत. त्यांना कळेना. तेव्हा मी सांगितलं की १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती आधी मुख्यतः हिंदूंना होत्या, पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या महारामांगांना त्या आजही नाहीत. पणजोबांना ज्या पाणवठ्यावर जाऊ देत नव्हते तो पाणवठा तोच, गावकूस तेच. बाप्तिस्मा घेतल्याने गावाची नजर लगेच बदलली नव्हती. मावशी बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तुझ्या वडलांनी फी कशी भरली गं?"

कशी भरली ते मला माहीत आहे बाबा. एस.टी.च्या वर्कशॉपमधल्या पगारातून, सोसायटीच्या कर्जातून, आणि दोन नाताळांना स्वतःसाठी कपडे न शिवता. माझ्या शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात काय लिहायचं यावर तेव्हा घरात चर्चा झाली होती. पाहुण्यांनी सुचवलं होतं की कागदावर जुनंच राहू द्या, रविवारी मंडळीत जायला कोण अडवतंय. तसं करणाऱ्या कुटुंबांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्यावरची वेळ मी जाणते. पण तुम्ही 'ख्रिस्ती' असं लिहिलंत आणि त्याची किंमत वर्षानुवर्षं पगारातून मोजलीत. संडे स्कूलमध्ये विश्वासाबद्दल मी पुष्कळ वचनं पाठ केली. विश्वास कसा असतो ते मात्र मी त्या रकान्यात पाहिलं.

हा आदेश बदलायला हवा असं मला ठामपणे वाटतं. देवाचे आभार मानणं आणि न्याय मागणं ही दोन्ही कामं एकाच तोंडाने करता येतात.

कॅसलरॉकनंतर घाट लागला. दूधसागर धबधबा दिसल्यावर सगळा डबा खिडक्यांशी लोटला. बाकी उतरल्यावर.

तुमची,
लेक


मडगाव, शुक्रवार

प्रिय आई, बाबा, आजी,

आज राशोलला जाऊन आलो. मडगावहून फार लांब नाही. जुवारी नदीच्या काठचं शांत गाव. टेकडीवरचं सेमिनरी मोठं, जाड भिंतींचं, जेझुइटांच्या काळातलं. राशोलच्या जेझुइट महाविद्यालयातच १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं गेलं.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस. १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये इथंच वारला, मायदेशी परतला नाही. या माणसाने जवळजवळ अकरा हजार ओव्या मराठीत रचल्या. 'पैलें पुराण' जुन्या कराराचं, 'दुसरें पुराण' ख्रिस्ताच्या जीवनाचं. छापलं रोमन लिपीत, पण आतला घाट ज्ञानेश्वरांच्या मुलखातला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं हिरावली गेली होती. वाचायला, ऐकायला आम्हाला काहीतरी द्या, असं त्यांचं मागणं होतं, आणि त्या मागण्यातून हा ग्रंथ झाला. छापील प्रती तीनदा निघाल्या, १६१६, १६४९ आणि १६५४ मध्ये. त्यांतली एकही आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे.

इथला सगळाच इतिहास आभार मानण्याजोगा नाही, हेही लिहिते. राशोलच्या याच साष्टी तालुक्यात देवळं पाडली गेली, १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना दगा देऊन मारलं. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने कोकणीच्या वापरावरही बंदीचा हुकूम काढला. माझ्या विश्वासाच्या नावाने हे झालं याचं मला दुःख होतं, आणि ते झाकून ख्रिस्तपुराणाचं कौतुक करणं मला पटत नाही. सत्तेने लोकांची भाषा दाबली आणि स्टीफन्ससारख्याने त्याच लोकांच्या भाषेत बसून ओवी रचली. माझा विश्वास त्या ओवीच्या बाजूचा आहे.

ओवीचा कान मला कुणी दिला? आपल्या मिशन शाळेतल्या मराठीच्या बाईंनी. त्या वारकरी घरातल्या, गळ्यात माळ, आषाढीला रजा टाकून वारीला जाणाऱ्या. नववीत त्यांनी मला लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचायला दिलं. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचं, रेव्हरंड टिळकांचं, अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुरं केलं, हे बाई आम्हाला सांगत तेव्हा त्यांचाच ऊर भरून यायचा. नाताळच्या कार्यक्रमात आम्ही रेव्हरंड टिळकांचं भजन पेटीवर म्हणत होतो. बाईंनी पेटी बाजूला ठेवायला लावली, टाळ आणले आणि म्हणाल्या, हा अभंग आहे, अभंगासारखा म्हणा. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपली उपासना या मातीतली आहे. एका वारकरी बाईने मला माझ्या ख्रिस्ताजवळ आणलं, याबद्दल मी प्रभूचे आणि बाईंचे सारखेच आभार मानते.

आणि ती मिशन शाळा तरी कुठल्या गावातली? आपल्याच नगर शहरात सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले त्या पाहून गेले आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे फरारबाईंकडे घेतले. नगरच्या मुलीने शाळेबद्दल कृतज्ञ असण्यासाठी आणखी कारण शोधायला नको. पदवी झाली की मी बी.एड. करणार आहे, आणि नोकरी शक्यतो आपल्याच तालुक्यात घेणार आहे.

उद्या पर्वरीच्या थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्रात जायचं आहे, रविवारी इथल्या मंडळीत उपासना, मग परतीची गाडी. आजी, फेणी नाही पण काजू आणते.

बाबा, एक काम आहे. आपल्या घरात पहिला बाप्तिस्मा आजीच्या सासूचा झाला एवढंच मला माहीत आहे, साल कुणालाच सांगता येत नाही. रमाबाईंची सालं पाठ आहेत आणि पणजीचं साल ठाऊक नाही, हे बरं नाही. रविवारी पाळकसाहेबांना विचारून मंडळीची जुनी रजिस्टरं पाहून घ्याल का? नोंद सापडली तर हात लावून पानं फाटू देऊ नका, फक्त मोबाईलवर फोटो काढा. आणि आजीला त्या वेळची जी नावं आठवतात ती सगळी आई एका वहीत लिहून ठेवेल तर फार बरं होईल. आजी ऐंशीच्या पुढे आहे, हे काम नाताळपर्यंत ढकलू नका.

तुमची,
लेक