अचूक इंजिन आणि लाडके इंजिन

वाचकहो, निवृत्तीनंतर एखादा छंद जोपासा, असा सल्ला आपल्याला डॉक्टर, शेजारी आणि नातवंडे असे सर्वच जण देतात. छंदाने मन रमते, हे खरेच आहे. परंतु छंदालाही कधीकधी पथ्य लागते, हे मला कोणी सांगितले नव्हते. ते मी वयाच्या बहात्तराव्या वर्षी आमच्या दादाकडून, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंकडून शिकलो. आपल्यापैकी जे घरातील आजारी माणसाची शुश्रूषा करीत आहेत, त्यांना त्यातील काही उपयोगी पडेल, म्हणून हे लिहीत आहे.

पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षे आरेखक होतो. रेषा अर्धा मिलिमीटर चुकली तरी नकाशा परत येई, त्यामुळे अचूकपणा हा माझ्या स्वभावातच मुरला. निवृत्तीनंतर मी आगगाडीच्या लघुप्रतिकृती जमवू लागलो, तेव्हाही हा स्वभाव बरोबर आला. आठ फूट लांब आणि चार फूट रुंद फळीवर मी कर्जत ते लोणावळा हा बोरघाट उभा केला. प्रमाण १:८७, म्हणजे जगभर सर्वाधिक प्रचलित असलेले ‘एचओ’. साल ठरवले १९७८. त्या साली घाटात जे इंजिन धावत नव्हते, त्याला माझ्या रुळांवर प्रवेश नाही, असा दंडक मी घालून घेतला. नातवाने वाढदिवसाला मोठ्या हौसेने आणलेले एक तांबडे वाफेचे इंजिन मी कौतुक करून कपाटात ठेवले, ते तेथेच राहिले.

माझा सर्वांत मोठा अभिमान म्हणजे ‘लोकमान्य’. चित्तरंजन येथील कारखान्याने १९६१ साली तयार केलेले पहिले विजेचे इंजिन ते हेच. मुंबई–पुणे मार्गावर तेव्हा असलेल्या १५०० व्होल्ट डीसी विजेवर चालणाऱ्या वर्गातील. त्याचे तयार मॉडेल मला मिळाले नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांतून मी ते स्वतः घडविले. भिंग लावून, श्वास रोखून, दोन वर्षे. खाली बसविलेली चाके आणि मोटर मात्र एका जुन्या मॉडेलची होती. इंजिन दिसायला हुबेहूब झाले, परंतु सांध्यांवर अडखळे. मी ते चालवीत कमी असे, पुसत अधिक असे.

दादा रेल्वेत होता. प्रथम असिस्टंट आणि नंतर ड्रायव्हर म्हणून त्याची बहुतेक नोकरी घाटातच गेली. गेल्या वर्षी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्याला पक्षाघाताचा झटका आला. वेळेवर उपचार मिळाले, वाचाही बव्हंशी परत आली, परंतु डावा हात दुबळा राहिला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी रबरी चेंडू दाबण्याचा आणि वस्तू उचलून ठेवण्याचा व्यायाम नेमून दिला. दादा दोन दिवस चेंडू दाबी आणि तिसऱ्या दिवशी तो पलंगाखाली टाकून देई. वहिनी वाकून तो काढीत. एकदा मी रागावलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “हा चेंडू दाबून मी कुठे पोहोचणार आहे?”

मला उत्तर सुचले नाही.

आमचे घर एकच. तो खाली, मी वर. एके दुपारी काठी टेकीत, जिना चढून तो माझ्या खोलीत आला. मी चहा आणावयास गेलो होतो. परत आलो, तर दादाच्या डाव्या हातात ‘लोकमान्य’ होते आणि त्याच्या छपरावरील पेंटोग्राफ तुटून लोंबत होता. मी म्हणालो, “हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलंय? तुझा हात धड आहे का?”

वाचकहो, हे वाक्य मी आजही परत घेऊ शकत नाही. ज्याने ती खरीखुरी इंजिने पावसाळ्यात, धुक्यात, मागे शेकडो माणसे घेऊन घाटातून उतरविली, त्याला मी एका खेळण्यावरून असे बोललो. दादाने इंजिन अलगद फळीवर ठेवले आणि तो खाली निघून गेला. पुढचे चार दिवस तो वर आला नाही, आणि व्यायामही त्याने पूर्ण सोडला. पाचव्या दिवशी वहिनी मला अंगणात म्हणाल्या, “भाऊजी, तुमचा दांडा मोडला त्याचं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त लागलंय. रात्री उठून स्वतःच्या हाताकडे बघत बसतात.”

मी खाली गेलो. क्षमा मागण्याची सवय आम्हा भावांना नाही. मी एवढेच म्हणालो, “दादा, घाटात गाडी चढत नाहीये. जरा बघतोस का?” तो बराच वेळ गप्प राहिला, मग त्याने काठी मागितली.

फळीजवळ खुर्चीत बसून त्याने खाली वाकून रुळांकडे पाहिले आणि म्हणाला, “रूळ अरुंद आहे रे तुझा.” मी हसलो. एचओचा रूळ जगभर साडेसोळा मिलिमीटरचाच असतो, असे मी त्याला समजावू लागलो. “असेल,” तो म्हणाला, “पण हा आपला नाही.”

रात्री मी कागद घेतला. साडेसोळाला सत्त्याऐंशीने गुणले, तर १४३५ मिलिमीटर येतात. ते युरोप-अमेरिकेतील प्रमाण रुंदीचे अंतर. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. म्हणजे माझा रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरचा असावयास हवा होता. मी छपरावरच्या झडपा मोजीत बसलो आणि अख्खे इंजिन परक्या रुंदीवर उभे होते! मग मी पुढे मोजीतच गेलो. आपल्या ब्रॉडगेजवरील अत्यंत तीव्र वळणाची त्रिज्याही १७५ मीटरच्या खाली नेत नाहीत. माझ्या प्रमाणात तिला दोन मीटर जागा लागेल, म्हणजे वळणापुरतीच चार मीटर रुंद फळी. माझ्या वळणाची त्रिज्या पंचावन्न सेंटिमीटर. खऱ्या जगात ती अठ्ठेचाळीस मीटर भरेल, आणि तेथे कोणतेही मोठे इंजिन वळणार नाही. अठरा डब्यांची गाडी करावयाची तर साडेचार मीटर लांब होईल. मी तीन डबे जोडतो.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, या छंदात संपूर्ण अचूकपणा कोणालाच साधत नाही. प्रत्येक जण कोठे ना कोठे तडजोड करतो. प्रश्न एवढाच की, तडजोड कोठे करावयाची आणि कोणासाठी. पुण्यात कोथरूड भागात जोशींचे लघुरेल संग्रहालय आहे. तेथील नगर कोणत्याही खऱ्या गावाची नक्कल नाही, तरी आजोबा आणि नातू दोघेही तेथे सारख्याच डोळ्यांनी पाहत उभे असतात. ते मी पूर्वी पाहिले होते, पण त्याचा अर्थ मनात शिरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दादापुढे मी इंजिनांची सूचिपत्रे ठेवली. पाने उलटता उलटता त्याचे बोट एका चित्रावर थांबले. “हा तर आपला खेकडा!” ते स्विस रेल्वेचे ‘क्रोकोडाइल’ होते. मध्ये उंच केबिन, दोन्ही बाजूंना लांब बुटकी तोंडे. आपल्या घाटात मालगाड्या ओढणारे आणि चढणीवर गाड्यांना मागून रेटा देणारे डब्ल्यूसीजी-१ हे इंजिन अशाच घडणीचे होते. थांबलेले असताना ते विचित्र कण्हत असे, आणि रेल्वेचे कर्मचारी त्याला खेकडा म्हणत. दादा असिस्टंट म्हणून प्रथम त्याच्यावरच चढला होता.

माझ्यातील आरेखक लगेच जागा झाला. स्विस इंजिनाला पुढेमागे जादा चाके आहेत, आपल्या खेकड्याला नाहीत. ते पंधरा हजार व्होल्ट एसीवर चालते, आपले दीड हजार डीसीवर. रंगही आपला नव्हे. मी एवढेच कबूल केले की, आपले पहिले दहा खेकडे ज्या विंटरथूरच्या कारखान्यात तयार झाले, त्याच कारखान्यात या स्विस इंजिनाचाही सांगाडा घडला. दादाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “पण चालतो कसा?”

वाचकहो, हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वर्षांत विचारला नव्हता.

एका संग्राहकाकडून मी ते जुने इंजिन घेतले. निवृत्तिवेतनातील मोठा वाटा त्यात गेला. ते धातूचे, जड आणि दणकट आहे; थरथरत्या हाताने धरले तरी काही तुटत नाही. मुख्य म्हणजे ते गोगलगायीच्या वेगाने, न अडखळता चालते. नियंत्रकाचे बटण दादा डाव्या हाताने फिरवितो. आरंभी बोटे घसरत आणि गाडी एकदम सुटे. तो स्वतःवरच चिडे. आता तो बटण केसभर सरकवितो आणि खेकडा हलूच लागतो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे पाहून सांगितले की, हेतू असलेली हालचाल पुनःपुन्हा करणे हाताला हितकारकच आहे. मात्र चेंडूही सोडू नका. दादा आता चेंडू दाबतो, कारण संध्याकाळी बटण नीट फिरावे, अशी त्याची इच्छा असते. हात पूर्ववत झालेला नाही, कदाचित होणारही नाही. परंतु पलंगाखाली वाकण्याचे वहिनींचे काम संपले आहे.

आपल्यापैकी कोणाला हा छंद स्वतःसाठी किंवा घरातील वृद्धांसाठी आरंभावयाचा असेल, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. प्रथम हात आणि डोळे पाहा, मग प्रमाण निवडा. १:१६० चे ‘एन’ प्रमाण जागा वाचविते, पण नऊ मिलिमीटरच्या रुळावर चाके बसविणे अधू दृष्टीला जाचते. पंचेचाळीस मिलिमीटर रुळाचे ‘जी’ प्रमाण हाताला सोपे, पण त्याला अंगण लागते. दुकानात इंजिन पाहू नका, चालवून पाहा, आणि तेही अगदी हळू. लांब, सहा आसांचे इंजिन घेण्यापूर्वी ते आपल्या वळणावर वळेल का, हे विचारा. ते दोन रुळांच्या पद्धतीचे आहे की तीन, हेही विचारा. फळी अशा उंचीवर ठेवा की खुर्चीत बसून हात पोहोचेल. प्रकाश भरपूर असू द्या. रूळ स्पिरिटने पुसताना खिडक्या उघड्या ठेवा. घरात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण किंवा लहान मुले असतील, तर सुटे बारीक भाग कुलपात ठेवा. आणि सर्वांत शेवटी, इंजिन मूळ इंजिनाशी किती जुळते ते पाहा.

अचूकपणा मी टाकून दिलेला नाही. त्यातही मोठे सुख आहे, आणि ते माझे आहे. आम्ही वेळ वाटून घेतली आहे. दुपारी पाचपर्यंत फळीवर १९७८ साल असते. पाचनंतर कोणतेही इंजिन चालते. नातवाचे तांबडे इंजिनही कपाटातून बाहेर आले आहे. मात्र शेवटची फेरी ठरलेली. पुढे माझे ‘लोकमान्य’, मागे तीन डबे आणि सर्वांत मागे दादाचा खेकडा, खऱ्या घाटात चढणीला मागून जोडीत असत तसा. वळणाच्या सांध्यावर ‘लोकमान्य’ आजही अडखळते. तेव्हा मागून खेकडा रेटा देतो आणि गाडी पुढे सरकते. दादा तोंडाने त्याचे कण्हणे काढून दाखवितो.

परवा मी त्याला म्हणालो, “तुटलेला पेंटोग्राफ आता राहू दे. तुझ्या हाताला पुन्हा अडकायला नको.” त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी नोकरीवर कालच लागलो होतो.

“दांडा बसव,” तो म्हणाला. “नाहीतर वीज कुठून घेणार ते?”